शाळेपुढचा ब्रेकर

गाडी नवी आहे, कळलं सगळ्या गल्लीला. आता तिला जरा गार होऊ दे, योगेश, आणि तुम्ही दोघंही टेका इथं ओट्यावर. जेवणखाण उरकल्यावर चहा प्यायला सोनईपर्यंत जायची हौस तुमच्या वयात असायचीच, मी काही आडवा येत नाही. पण वाटेत खैरवस्तीची शाळा लागते. तिथं गाडी पहिल्या गिअरवर घ्यायची. का, ते ऐका आणि मग खुशाल जा.

मी उभी हयात एसटी चालवली. भुताखेतांच्या गोष्टी प्रवाशांनी सांगायच्या आणि ड्रायव्हरनं काचेतून पुढं बघायचं, हा माझा धंदा. तेव्हा गोरक्षनाथ म्हातारा झाला आणि बरळायला लागला असं कुणी मनात आणू नका. श्रीमंत माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. गिरणीवर बसतो, कुबडी घेऊन चालतो, तोच. नगरच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी मी बसलो होतो. त्याच्या तोंडून जे निघालं ते मी या कानांनी ऐकलंय, आणि त्यातलं निम्मं तर मला ऐकायची गरजच नव्हती. ते मी त्याच दिवशी भोगून आलो होतो.

शहाण्णव सालच्या जानेवारीतला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शनी अमावास्या. अरे, लगेच डोळे काय मोठे करतोस! अमावास्येचा संबंध एवढाच की शनी अमावास्येला शिंगणापूरला माणूस लोटतो आणि आपल्याकडचे रस्ते जीप-टेम्पोंनी भरून जातात. पहाटेपासून उसाच्या गाड्या रस्त्यावर येऊ देणार नाहीत, अशी बातमी कारखान्याच्या यार्डात पसरली होती. त्यामुळं ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच घोर होता, रात्रीतून खेप टाकायची.

श्रीमंत आणि जालिंदर दोघं ऊस ओढायचे. ट्रॅक्टर आणि मागं दोन दोन ट्रॉल्या. जालिंदर खैरवस्तीचाच. कामाला वाघ, पण डोकं म्हणजे सदा तापलेलं इंजिन. बायको जयमाला, आणि एक मुलगी, निकिता, पहिलीत जायची. बाकी जगाशी कचाकचा भांडणारा हा गडी त्या पोरीपुढं मात्र पार विरघळायचा. त्या संध्याकाळी दोघं सोनईला लेथवाल्याकडं गेले होते, ट्रॉलीच्या हुकाची पिन करून आणायला. आदल्या दिवशी शाळेपुढच्या ब्रेकरवर जालिंदरची मागची ट्रॉली आदळली, पिन मोडली आणि यार्डातला नंबर हातचा गेला. लेथवाल्यानं चांगली जाड पिन करून दिली. दोघांनी भेळ खाल्ली, जालिंदरनं लेकीसाठी रेवड्या घेतल्या आणि अंधार पडायच्या आत घरी आले. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं.

आता तो ब्रेकर तिथं कसा आला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

वस्ती रस्त्याच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं. पोरांना दिवसातून चारदा रस्ता ओलांडायचा. त्यात हंगामात उसाच्या गाड्या. ट्रॅक्टर दिसला की पोरं मागं पळतात, ट्रॉलीतून ऊस उपसतात. तुम्हीही उपसलाय, नाही म्हणू नका. छबूबाईचा नातू ओम बालवाडीत होता. आईबाप तोडणीला बाहेर, पोर आजीपाशी. आदल्या हंगामात, शाळा सुटायच्या वेळी, एक ट्रॅक्टर भरधाव आला. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली. पोराला वाटलं, गेली गाडी. ते धावलं. मागं दुसरी ट्रॉली असते, हे एवढ्याशा जिवाला कुठून कळणार?

डोक्यावरून चाक गेलं. मी एसटी घेऊन मागून येत होतो. छबूबाई रस्त्यावर बसून लुगड्याच्या ओच्यात गोळा करत होती... जे होतं ते. तो ट्रॅक्टर कुणाचा ते कधीच कळलं नाही. ड्रायव्हर थांबला नाही. थांबत नसतात. थांबला तर लोक ठेचून मारतात, हे त्यांना ठाऊक असतं.

ओमचे दुधाचे दात अजून पडायचे होते, म्हणून त्याला जाळला नाही, ओढ्याकाठी पुरला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर थोरले थोरले दगड रचले. मग वस्तीनं बांधकाम खात्याच्या साहेबाकडं खेटे घातले, शाळेपुढं ब्रेकर टाका म्हणून. साहेब म्हणाला, या रस्त्यावर ब्रेकर नियमात बसत नाही. शेवटी लोकांनी एका रात्रीत आपल्या हातानं करायचं ठरवलं. मुरूम आणला, फावडी आणली. पण नुसता मुरूम उसाच्या गाडीखाली दोन दिवस टिकत नाही, आत दगडाचा भराव लागतो. आपली सगळी काळी जमीन, त्या रात्री एवढे दगड आणायचे कुठून?

छबूबाई कंदील घेऊन बाजूला उभी होती. ती म्हणाली, "माझ्या ओमवरचे आना."

शाळेचे साळवे गुरुजी पुढं होऊन म्हणाले, "आजी, असं नका करू. दगड उद्या कुठूनही आणू."

"उद्याच्याला साहेब आला तर? गुरुजी, जिमीन आता बसलीया. आता त्याला कोन उकरतंय? दगडांचं ओझं त्याला कशापायी? बाकीची पोरं तरी जगतील."

दोन दोन गडी लागले एकेका दगडाला. पहिला दगड रस्त्यात बसवला तेव्हा छबूबाईनं त्यावर हात ठेवला. म्हणाली, "बस हितं. पोरं राख." मी तिथं होतो. फावडं माझ्याही हातात होतं. आम्ही मोठी माणसं खाली माना घालून मुरूम ओढत राहिलो.

ब्रेकर बेताचा झाला नाही, चांगलाच उंच झाला. मीही एसटीतून जाताना शिव्या घातल्यात त्याला, कशाला खोटं बोलू? पण वर्षभर तिथं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भरधाव येणारी गाडी तिथं आपोआप खाली बसायची आणि पोरं रांगेनं पलीकडं जायची.

तर तो शुक्रवार. रात्रीचा एक वाजत आला होता. दोघांच्या ट्रॉल्या भरून वस्तीबाहेर उसाच्या फडात उभ्या होत्या. श्रीमंत गोधडी पांघरून ट्रॅक्टरवर डुलक्या घेत होता. जालिंदर आला, खांद्यावर पहार आणि टिकाव.

"चल, उठ. आधी त्यो ब्रेकर काढू."

"डोकं फिरलं का तुझं?"

"काल पिन गेली. आज गेली तर दोन दिवस ऊस रस्त्यात वाळंल. सकाळच्याला रस्ता बंद. एक रातीचा तर प्रश्न हाय."

"आरं, तुझी निकिता त्याच शाळंत जाती ना? उद्या शनवार, सकाळची शाळा. धुकं असतंय. त्यात शिंगनापूरच्या जीपा. त्या काय थांबनार हायेत व्हय?"

जालिंदर जरा घुटमळला. एवढंच श्रीमंतनं मला दोनदा सांगितलं, की मामा, त्यो घुटमळला हुता. मग म्हणाला, "तिची आय हाताला धरून नेती. उद्या रातच्याला आपनच पुन्ना टाकू. व्हय का न्हाई बोल."

श्रीमंत उठला. बरोबरीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हा आमच्या घराण्याचाच रोग.

दोघांनी ब्रेकर फोडला. वरचा मुरूम वर्षभरात दगडासारखा झालेला. टिकावाच्या घावानं ठिणग्या उडायच्या. मग दगड लागले. एकेकाला पहारीनं उचकटायचं, दोघांनी रेटायचं आणि कडेच्या चारीत ढकलून द्यायचं. चारी कोरडी होती. दगड खाली पडला की धप्प आवाज व्हायचा आणि वस्तीतलं एखादं कुत्रं एकदा भुंकून गप्प व्हायचं.

श्रीमंतनं एका दगडाखाली हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला.

"जालिंदर... गरम हाय."

"काय?"

"दगडाखाली. ऊन लागतंय हाताला."

जानेवारीतली रात्र. तोंडातून वाफ निघत होती. जालिंदरनं स्वतः हात लावून पाहिला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाला, "दिसभर गाड्या जात्यात वरून. तापनारच."

"हे छबूबाईचे दगड हायेत. पोराच्या अंगावरचे."

"दगड दगड असतोय. उचल."

उचलला. सगळे उचलले. राहिलेला मुरूम फावड्यानं सारखा केला, पायानं दाबला. रस्ता सपाट. शाळेच्या फाटकापुढून कुणी डोळे झाकून जावं इतका सपाट. जालिंदर त्यावरून दोनदा येरझारा घालून आला आणि हसला.

मग दोघं फडात गेले आणि गाड्या काढल्या. जालिंदर पुढं. श्रीमंत बराच मागं. जालिंदरच्या ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं वाजत होता, थंडीत झोप येऊ नये म्हणून. शाळेपाशी ओढ्याच्या बाजूनं चढ आहे, तुम्हाला माहीत आहे. जालिंदरनं चढाला गाडी रेटली. ट्रॅक्टर गेला. सपाट. पहिली ट्रॉली गेली. सपाट.

दुसरी ट्रॉली उडाली.

श्रीमंतनं मागून पाहिलं. ट्रॉलीचं चाक वर उठलं. ब्रेकरवर उठायचं तसं. आणि दाणकन खाली आलं. चार मोळ्या खाली पडल्या. जालिंदरचं इंजिन बसलं. टेपही बंद. श्रीमंतनं आपला ट्रॅक्टर जागीच दाबला. तोही बंद पडला. दिवे मात्र जळत होते. पिवळे. मंद होत चाललेले.

कुठंच आवाज नाही.

मग...

सर्र.

श्रीमंतला कळेना कसला आवाज. पुन्हा. सर्र... सर्र...

ट्रॉलीतून ऊस उपसला जात होता. एकेक कांडं. मागच्या बाजूनं बाहेर यायचं आणि रस्त्यावर पडायचं. ओढणारं कुणी दिसत नव्हतं.

जालिंदर खाली उतरला. हातात पहार. त्याला वाटलं, वस्तीतली पोरं. त्याचं डोकं भडकलं. "कोन हाय रं त्यो? ह्या वक्ताला ऊस चोरता? हाडं मोडीन एकेकाची!"

सर्र...

श्रीमंतही उतरला. बॅटरी घेतली. रस्त्याच्या कडेनं, चारीच्या काठानं चालत पुढं आला. बॅटरीचा झोत ट्रॉलीच्या मागच्या फळीवर टाकला.

फळीला हात धरलेला होता.

एक हात. लहान. मनगटापर्यंत. त्याच्यामागं काही नाही.

"जालिंदर... मागं सर. जालिंदर..."

जालिंदरनं पहार उचलली आणि हाणली. फळीवर लोखंडाचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. ओल्या पोत्यावर मारावं तसा आला. काहीतरी उडालं. जालिंदरच्या तोंडावर. शर्टावर. ऊन ऊन.

तो थांबला नाही. श्रीमंत म्हणतो, त्याला थांबताच येईना. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस रागावलेल्यापेक्षा वाईट मारतो. पुन्हा हाणली. पुन्हा. फळी फुटली. हात तसाच. बोटं मोडली होती. लोंबत होती. तरी धरलेलंच. पहार रक्तानं निसटायला लागली. जालिंदर रडत होता आणि मारत होता.

"सोड! सोड म्हनतोय ना! सोड..."

हातानं सोडलं.

ट्रॉली गप्प उभी.

मग पुढं, दोन ट्रॉल्यांच्या मधून, लोखंड सरकल्याचा आवाज आला. सावकाश. पिन... लेथवाल्याची नवी, जाड पिन... कुणीतरी वर ओढत होतं.

श्रीमंत ओरडला. ओरडला असं त्याला वाटतं. आवाज निघाला का, ते सांगता येत नाही.

मागची ट्रॉली सुटली. चढावरून मागं आली. टनावारी ऊस. जालिंदर मधोमध. त्यानं हात पुढं केले. रोखायला. दोन्ही हातांनी... ट्रॉलीनं त्याला खाली घेतलं. चाक पोटावरून गेलं. श्रीमंतनं ऐकलं. ते मी तुम्हाला सांगत नाही. ट्रॉली तशीच फिरली, तिरकी झाली, चारीकडं आली. श्रीमंतनं उडी टाकली. पाय राहिला. ट्रॉली त्याच्या पायावर कलंडली.

दिवे गेले.

तो चारीत पडून होता. उताणा. वर ऊस. पाय गुडघ्याखाली आहे का नाही, कळत नव्हतं. जालिंदर जिवंत होता. रस्त्यावर. मधून मधून कण्हायचा. एकदा त्यानं हाक मारली. "निके..." म्हणाला. लेकीला तो निकी म्हणायचा.

आणि मग चारीतला दगड हलला.

श्रीमंतच्या उशाशी. जो दोघांनी रेटून खाली टाकला होता. तो वर गेला. अंधारात. कण्हण्याचा आवाज नाही, दम लागल्याचा नाही. नुसता घासत वर गेला. मग दुसरा. मग तिसरा.

रस्त्यावर दगड ठेवल्याचा आवाज. हळू. जपून ठेवल्यासारखा.

जालिंदर किंचाळला. एकदा. मोठ्यानं.

पुढचा दगड.

मग किंचाळणं नाही. गुदमरल्यासारखं काहीतरी. ते लांबत गेलं... मग तेही नाही.

मग थप... थप... थप... मुरूम दाबल्याचा आवाज. किती तरी वेळ. श्रीमंतची शुद्ध गेली तेव्हाही तो चालूच होता.

पाणी दे रे जरा. हं.

उजाडताना दाट धुकं होतं. दूधवाला आला, त्याला चारीतली ट्रॉली दिसली आणि खाली श्रीमंत सापडला. निरोप आला तसा मी भाड्याची जीप घेऊन धावलो. जालिंदरचा ट्रॅक्टर पुढं उभा, जालिंदर नाही. सगळे एकच बोलले, ट्रॉली सुटली, श्रीमंत सापडला आणि जालिंदर घाबरून पळाला. ड्रायव्हर पळतोच, ही आपल्याकडं इतकी ठरलेली गोष्ट की कुणाला शंकासुद्धा आली नाही. रस्त्यावर रक्त होतं, ते श्रीमंतचं समजलं. जयमालासुद्धा मला म्हणाली, "भाऊ, खर्ड्याला त्यांच्या भैनीकडं गेले असतील. श्रीमंतभावजींचा पाय वाचवा, ह्यांचं मी बघते." आणि तिनं निकिताला हाताला धरून रस्ता ओलांडून शाळेत सोडली. शिंगणापूरच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. पण त्या ब्रेकरपाशी थांबत होत्या, हळू होत होत्या, पोरं नीट पलीकडं जात होती.

श्रीमंतला जीपमध्ये आडवं घालून आम्ही नगरला निघालो. ब्रेकरवरून जीप गेली तशी हिसका बसला आणि तो बेशुद्धीतही विव्हळला. मी ड्रायव्हरला म्हणालो, "अरे, सावकाश घे की ब्रेकरवर."

ऐकलंत ना मी काय म्हणालो?

नगरला पाय कापला. संध्याकाळी दिवेलागणीला श्रीमंतनं डोळे उघडले. मी त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो. त्यानं विचारलं, "मामा, सकाळच्याला शाळंपुढं काय झालं? पोरं बरी हायेत ना? कुनाला जीपनं..."

"पोरांना काय होतंय? ब्रेकर आहे की तिथं. मीच आलो ना त्याच्यावरून."

त्यानं माझं मनगट धरलं. एवढं रक्त गेलेला माणूस, पण सोडवता येईना.

"मामा, ब्रेकर न्हाई तिथं. आमी काढला. समदा काढला. दगड चारीत टाकले." त्याच्या तोंडाकडं बघवेना. "मामा... जालिंदर कुठंय?"

मी उठलो तो तसाच निघालो. वस्तीवर पोचलो तेव्हा रात्र झाली होती, गाड्यांची रांग अजून चालूच. पोलिसांनी रस्ता अडवला, गॅसबत्त्या आणल्या आणि ब्रेकर खणला. वरचा मुरूम इतका घट्ट बसला होता की टिकाव घसरत होता. एक दगड निघाला, दुसरा निघाला. मग टिकाव मऊ लागला.

जालिंदर उताणा होता. त्याच्यावर दगड असे बसवले होते की एक हलवला तर दुसरा हलत नव्हता. सकाळपासून अख्ख्या शनी अमावास्येची गर्दी त्याच्यावरून गेली होती. जीपा, टेम्पो, ट्रक. आम्हीसुद्धा. त्याला एकसंध उचलता आलं नाही. घमेली आणावी लागली. तोंड मात्र वाचलं होतं, दोन दगडांच्या मधे. त्यात मुरूम होता, घशापर्यंत. म्हणजे दगड ठेवले तेव्हा तो श्वास घेत होता.

जयमाला बेशुद्ध पडली. गर्दीतनं कुणीतरी बोललं, "ओमनं नेला." छबूबाई मागं काठी टेकून उभी होती. ती चवताळून त्या माणसाच्या अंगावर गेली.

"जिभंला हाड हाय का तुझ्या? सा वर्सांचं न्हवतं माझं लेकरू! एका दगडाला दोन गडी लागत हुते, तुमीच आनले ना? मग एकल्या ओमनं चारीतून वर कसे आनले? सांग की!"

एवढं काम एका रात्रीत करायला बरीच माणसं लागतात, हे पोलिसांनाही कळत होतं. वस्तीतला एकेक गडी चौकीवर नेऊन बडवला, पण त्या रात्री घराबाहेर कुणीच नव्हतं. दारांना आतून कड्या होत्या.

गर्दी पांगल्यावर साळवे गुरुजींनी मला बाजूला नेलं. शाळेत दर शनिवारी प्रार्थना झाली की ते पोरांची नखं तपासतात, तुमचीही तपासली असतील. ते म्हणाले, "गोरक्षनाथ, सकाळी पहिल्या पोरानं हात पुढं केले. नखांत तांबडा मुरूम भरलेला. बोटांची टोकं सोललेली. मी म्हटलं, कुठं उकरत होतास रे? तर म्हणतं, कुठं न्हाई गुरुजी, झोपलो हुतो. दुसऱ्याचे हात पाहिले, तसेच. तिसऱ्याचे, तसेच. बालवाडीपासून चौथीपर्यंत. अख्खी रांग. सगळे झोपले होते. मी चिडून सगळ्यांना हापशावर पाठवलं, हात धुवायला लावले. मला काय माहीत हो... मी धुवायला लावले."

धुतल्यावर एक सोडून बाकीच्या पोरांची नखं निघाली स्वच्छ. त्यातल्या कुणालाही काही आठवत नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. मोठ्यांनी तसं ठरवलंच.

निकिता आता तिसरीत आहे. हुशार आहे, बापासारखी तापट नाही. जयमाला दर शुक्रवारी रात्री तिला मांडीवर घेऊन नखं कापते, अगदी मांसाला भिडेपर्यंत. आठवड्यानं नवी येतात.

तांबडीच येतात.